दोन घरी किल्ली

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

काल आमच्या छोट्या इंटरनेट कंपनीला नोंदणी कार्यालयाकडून इंटरनेटच्या जाळ्यात ओळख पटवणारा स्वतःचा नंबर मिळाला. आता एका मोठ्या कंपनीची लाइन बंद पडली, तरी दुसरीवरून आमच्या गिऱ्हाइकांचं इंटरनेट चालू राहील.

हा नंबर दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन असतील तरच देतात, म्हणून पहिला अर्ज परत आला होता. मी दोन लाइन दाखवल्या, पण दोन्ही एकाच कंपनीच्या. मालक म्हणाले, "पुन्हा परत आला तर मी गाशा गुंडाळतो. तुम्हीही दुसरीकडे बघा." तेव्हा तुला कळवलं नाही.

मग आठवलं. तू घराची एक किल्ली शेजारी ठेवायचीस, एक समोरच्या मावशींकडे. एकदा मी दोन्ही शेजारीच देऊन आलो. शेजारचे नेमके बाहेरगावी गेले आणि आपण दिवेलागणीपर्यंत पायरीवर बसलो. "अक्कलही त्यांच्याकडेच ठेवलीस का रे?" असं तू म्हणालीस.

आम्ही दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली. नंबर कशासाठी हवा, या रकान्यात मी हीच गोष्ट लिहिली. मालक हसले, पण खोडलं नाही. कार्यालयातल्या बाईंनी मंजुरीखाली लिहिलं, "आईंना नमस्कार सांगा." तो पोचवतो. नोकरी राहिली ती तुझ्यामुळे.

माझा खोकला बराच कमी आहे. तुझा गुडघा कसा आहे? समोरच्या मावशी मुलाकडे राहायला गेल्या, असं ताई म्हणाली. मग दुसरी किल्ली आता कुणाकडे असते, तेवढं कळव.

तुझा,
धाकटा