पुढची काच फोडण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी नाका, पहिला मजला.

अर्जदार : जप्त ट्रेलरच्या खालच्या मजल्यावरील जुन्या मोटारीत बसलेला इसम.

विषय : माझ्याच मोटारीची पुढची काच फोडून बाहेर येऊ देण्याबाबत.

संदर्भ : माझा आज सकाळचा अर्ज, ‘अर्जदाराने समक्ष हजर राहून सादर करावा’ या शेऱ्यासह परत.

महोदय,

वरील शेरा वाचला. समक्ष हजर राहता येत नाही, हीच माझी तक्रार आहे. सकाळच्या अर्जात घाईमुळे राहिलेला तपशील आता क्रमाने देतो.

१. सदर मोटार माझ्या वडिलांची. त्यांच्यामागे ती माझ्याकडे राहिली, कारण पत्र्याची शेड माझ्या दाराशी होती. थोरल्या बहिणीचे (यापुढे ‘ताई’) म्हणणे असे की, बाबांनी गाडी चालवायला शिकवले तिला आणि गाडी मिळाली मला. माझ्याकडे दिलेली वस्तू धड परत येत नाही, असेही ती चारचौघांत सांगत आली आहे. तिचे शिलाई मशीन व मनगटी घड्याळ ही दोन उदाहरणे ती देते आणि ती खोटी नाहीत. यावरून आमचे बोलणे बंद झाले. निरोप माझ्या पत्नीमार्फत जात. अलीकडे ताईचा निरोप आला की, गुडघे साथ देत आहेत तोवर तिला बाबांची गाडी चालवायची आहे. मी होकार कळवला. त्यावर दुसरा निरोप आला, “आहे तशी पाठव म्हणावं त्याला. वाटेत काहीतरी मोडेलच तो.”

२. एवढे अंतर चालवत नेण्याचा दम गाडीत उरलेला नाही, म्हणून वाहतूक कंपन्यांकडे चौकशी केली. पहिल्या कंपनीने गाडी दोरखंडाने बांधू असे सांगितले. दुसरीने फोनवर विचारले, भंगार कुठे उतरवायचे. तिसरीचा मुकादम घरी आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “घरची म्हातारी समजून नेतो.” मी त्या कंपनीला काम दिले.

३. या गाडीचा पहिला गिअर अनोळखी हाताला लागत नाही, म्हणून ती ट्रेलरवर मीच चढवली. मुकादम पुढे उभा राहून ‘घ्या, घ्या’ म्हणत होता व मी घेत होतो. तो ‘बस’ म्हणाला तेव्हा ट्रेलरचे उभे खांब दोन्ही दारांना भिडायला आले होते. मोटारीला दारे दोनच, आणि तीही रुंद. दार आता वीतभरसुद्धा उघडत नाही. त्या फटीतून केळे, पाण्याची बाटली व हा अर्ज जातो. मी जात नाही. बाजूच्या काचांसमोरही तेच खांब आहेत. मी हाक मारेपर्यंत मागे दुसरी मोटार चढवून तिची चाके पट्ट्यांनी आवळलेली होती. ती पहिल्याच थांब्यावर उतरणार आहे, तोवर बसा, तेवढीच म्हातारीला सोबत, असे मुकादम म्हणाला. मी बसलो.

४. थांब्याच्या आधी आपला नाका आला. मागच्या मोटारीचा इंजिन क्रमांक कागदपत्रांशी जुळला नाही. त्या मोटारीशी माझा संबंध ती मागे उभी आहे एवढाच. तरी आपण संपूर्ण ट्रेलर जप्त करून ‘जैसे थे’चा आदेश दिला. ट्रेलरवरील काहीही हलवू, उतरवू वा मोडू नये, असे त्यात आहे. मागची हलत नाही म्हणून माझी हलत नाही, आणि माझी हलत नाही म्हणून मी. पंचनामा चालू असताना मी सतत हॉर्न वाजवत होतो. पंचनाम्यात माझ्या मोटारीपुढे ‘रिकामी, हॉर्न चालू स्थितीत’ अशी नोंद झाली आहे.

५. अग्निशामक दलाला फोन केला. आग नाही, आणि जप्त मालाला हात लावायचा तर आपल्या कार्यालयाचे पत्र लागेल, असे उत्तर मिळाले. पहारेकरी स्वभावाने चांगला आहे. त्याने मला वाचायला वर्तमानपत्र दिले. पण कागदावर तुम्ही नाहीच, तर मी बाहेर काढू कुणाला, असा त्याचा प्रश्न आहे. उद्या व परवा कार्यालय बंद असते, हेही त्याने बोलता बोलता सांगितले. त्यानंतर मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले.

६. मागच्या काचेला मागची मोटार भिडलेली आहे, तेव्हा बाहेर येण्याचा मार्ग एकच, पुढची काच. सकाळच्या अर्जात मी तो सुचवला नव्हता. ती काच मूळची आहे. तशी आता बनत नाही. पान्हा माझ्या हाताशी आहे. पण आपला आदेश नसता तरी मी तो उचलला नसता. बाहेर आलो असतो, पण ताईचे म्हणणे खरे करून.

७. मोटार मी सोपवली आहे व ताईला अद्याप पोहोचलेली नाही, तेव्हा मोडतोडीला तिची संमती लागेल, असे कंपनीने कळवले. पत्नीने ताईला फोन केला. ताई दुपारी मिळेल त्या बसने येथे आली व गुडघे दुखत असताना ट्रेलरवर चढली. आधी तिने गाडी पाहिली, मग मला. “रंग चांगला राखलास,” एवढेच म्हणाली. काही वर्षांनंतरचे हे आमचे पहिले बोलणे. मग तिने फटीतून हात आत घालून माझे कपाळ तापले आहे का ते पाहिले आणि पान्हा मागून घेतला. मी तिला काचेबद्दल सांगू लागलो, तेव्हा ती पहारेकऱ्यासमोर म्हणाली, “काच मी फोडते. तू फोडलीस तर मी जन्मभर ऐकवीन तुला, आणि ऐकवायचा आता मला कंटाळा आलाय.”

पान्हा तेव्हापासून तिच्याकडे आहे. पहारेकऱ्याने आपला आदेश दाखवल्यामुळे ती बॉनेटशेजारी थांबली आहे. तिला फार वेळ उभे राहता येत नाही आणि तेथे बसायला जागा नाही.

तरी विनंती की, कार्यालय बंद होण्यापूर्वी ‘जैसे थे’च्या आदेशातून सदर काच वगळावी. काच फोडताना मी मागच्या आसनावर चादर पांघरून बसेन. पंचनाम्यातील ‘रिकामी’ ही नोंद मी बाहेर आल्यावर आपोआप खरी होईल. ती दुरुस्त करण्याचा आग्रह नाही. मात्र काच कोणी फोडली त्या रकान्यात ताईचे नाव लिहावे, असे तिचे म्हणणे आहे.

सदर नुकसानीबद्दल माझी तिच्याविरुद्ध काहीही तक्रार नाही. याआधीच्या कोणत्याही बाबतीतही नाही.

सोबत : वाहतूक कंपनीची पावती, सकाळचा अर्ज शेऱ्यासह, ताईचे संमतिपत्र.

आपल्या आवारात थांबलेला,
(सही, स्टिअरिंगवर कागद ठेवून)
अर्जदार

तारीख : आजचीच. उद्याची पडू नये.