एका बोटानं टाईप केलेलं भाषण

बाबा, आज मी चिमूरच्या एका वाचनालयात बोलायला गेले होते. श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलले, टाळ्याही मिळाल्या. सभा संपल्यावर ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मॅडम, आमचा कम्प्युटर सकाळपासून नुसता बोंबलून राह्यला." पंखा फिरत होता, स्क्रीन काळा, थांबून थांबून एकच लांब बीप. मी वायर काढली, सीपीयू उघडला, रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबरनं घासली आणि परत बसवली. सुरू झाला. "तुमाले हेबी येते?" बाई हसल्या. मला मात्र तिथं थांबवेना; तुमच्या रिटायरमेंटचे ते दिवस डोळ्यांसमोर आले.

माजरीच्या आपल्या क्वार्टरमध्ये तुम्ही साबणानं दोनदा हात धुऊन कम्प्युटरसमोर बसता. खाणीतून रिटायर होताय, निरोप समारंभात बोलायचंय. मी लिहून देते म्हटलं तर म्हणता, "तूच बोलशीन का जलमभर? मले बी बोलू दे नं वं माय." आठ दिवस एका बोटानं अक्षरं शोधताय. समारंभाच्या सकाळी कम्प्युटर सुरूच होत नाही. हाच बीप. आणि मी, कामगारांच्या सभा गाजवणारी, तुमच्यावर ओरडते, "लावलेत शेवटी कोळशाचे हात!" तुम्ही तळवे उलटेपालटे करून पाहता. "धुतलो होतो वं," एवढंच म्हणता नि अंगणात जाऊन बसता.

संध्याकाळी माईक समोर आला तेव्हा तुम्ही हात जोडले आणि खाली बसलात. पुन्हा कधी कम्प्युटरला शिवला नाहीत. कुणीतरी म्हणालं, लेक वक्ता, बाप मुका. मीही हसले.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. हे तुम्ही वाचणार नाही, म्हणूनच लिहू शकते. खाणीची धूळ आपल्याकडे भाकरीवरही बसायची. ती पट्टीवर बसली यात तुमच्या हातांचा काय दोष? हे मला त्याच दुपारी कळलं होतं. दुकानदाराला फोन केला, त्यानं खोडरबरची युक्ती सांगितली, पाच मिनिटांत स्क्रीन उजळला. तुमच्या ओळी वाचल्या : "खाली उतरतानी रोज एकदा वर पाह्यलो. वर आल्यावर कधी खाली पाह्यलो नाई. आज पाहून राह्यलो. तुमी अजून खालीच आहा." इतकं खरं मी कुठल्याही मंचावरून बोललेले नाही.

समारंभाला तीन तास होते. कागदावर उतरवून तुमच्या हातात देता आलं असतं. पण मग माफी मागावी लागली असती. मी कम्प्युटर बंद केला, अंगणात आले आणि म्हणाले, "नाही होत सुरू, बाबा."