तुम्ही दाराकडे बघितलं होतंत का?

बाई, तुम्हाला एकच विचारायचं आहे. मलकापूरच्या शाळेत आम्ही पाचवीत असताना तपासणीला साहेब आले होते. त्यांनी मला उभं करून इंग्रजीत दाराला हात लावायला सांगितलं, तेव्हा तुम्ही मुद्दाम दाराकडे बघितलं होतंत का? तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, तेव्हा उत्तर मिळायचं नाही हे मला कळतं. पण संशय एकदा मनात शिरला की तो मला धड जेवूही देत नाही. नवरा म्हणतो, तू शिक्षिका कशाला झालीस, पोलिसात जायला हवं होतंस. दूधवाल्यापासून विहिणीपर्यंत मी कुणालाच सोडत नाही, मग तुम्हाला तरी का सोडू?

त्या काळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं आणि बाकीचे गुरुजी छडीच्या धाकानं स्पेलिंगं पाठ करून घ्यायचे. तुम्ही मात्र बाकं भिंतीला सरकवून आम्हाला पळवायचात. तुम्ही इंग्रजीत वस्तूचं नाव घ्यायचं, आम्ही धावत जाऊन ती शिवायची, शेवटी पोचेल तो बाद. शेजारच्या वर्गातले गुरुजी दारातून डोकावून म्हणायचे, "बाई, बाजार भरवलाय काय?" मी कधी बाद झाले नाही. मला इंग्रजी येत नव्हतं, पण तुमचा चेहरा वाचता येत होता. शब्द तोंडातून निघायच्या आधीच तुमची नजर त्या वस्तूवर जाऊन यायची. तपासणीच्या दिवशी साहेबांनी खुर्चीतूनच शब्द टाकला, आणि साहेबांच्या चेहऱ्यावर तर काही म्हणजे काही दिसेना. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही दाराकडे बघितलं, मी धावले. साहेब म्हणाले, "मुलगी हुशार आहे."

तुम्ही मला नवी कंपासपेटी दिलीत आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या वडिलांना, आण्णांना म्हणालात, "हिला शाळेतून काढू नका." आण्णा मला सातवीनंतर घरी बसवणार होते. त्यानंतर साहेबांचं ते वाक्य ते गावभर सांगत फिरले, आणि मी शिकत शिकत मास्तरीण झाले. माझी नोकरी, माझा मान, सगळं त्या एका नजरेवर उभं आहे, बाई. ती चुकून गेली असेल, तर मी सगळ्यांना फसवून पुढं आले. मुद्दाम गेली असेल, तर मला काही येत नाही हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. या दोन्हींतलं कुठलं बरं, हे मला पन्नाशी उलटली तरी ठरवता आलेलं नाही.

आता मी माण तालुक्यातल्या एका वाडीवर पहिलीला शिकवते. हल्ली इंग्रजी पहिलीपासूनच असतं आणि तेही खेळातून. साताऱ्याला प्रशिक्षणात एका तरुण मॅडमनी आम्हा गुडघे दुखणाऱ्या बायकांना बेडकासारख्या उड्या मारायला लावल्या. हे नवं आहे, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी मागच्या रांगेत बसून मनात म्हटलं, नवं कसलं आलंय, यात कुठं पाणी मुरतं ते मला विचारा. तरी शाळेत येऊन मी तोच खेळ घेतला, दुसरा मला कुठं येतोय? दिवाळीपर्यंत माझी चौदाच्या चौदा पोरं डोअर म्हटलं की दाराला, विंडो म्हटलं की खिडकीला जाऊन भिडत होती. केंद्रप्रमुख खूश झाले. संशय घ्यायचा माझा धंदा, आणि नेमका तिथंच मी तो घेतला नाही.

मग सांगलीला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर काळा चष्मा काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो लावून मी वर्गात उभी राहिले, डोअर म्हटलं, आणि एकही पोर हललं नाही. पुन्हा म्हटलं. दोघं फळ्याकडे गेली, एक खिडकीकडे, बाकीची माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी एक चुणचुणीत मुलगी वैतागून म्हणाली, "आवं बाई, त्यो चष्मा काढा की! कुटं पळायचं त्ये दिसंना." तिच्या बोलण्यात लबाडीचा लवलेश नव्हता. बाईंचे डोळे बघायचे आणि पळायचं, खेळ असाच असतो, असं त्या सगळ्यांना वाटत होतं. मी खुर्चीत बसले आणि तुमची फार आठवण आली. थोडा रागही आला.

दुसऱ्या दिवसापासून मी पोरांच्या मागं उभी राहून शब्द बोलू लागले. तीन आठवड्यांत डोअर आणि बॅग एवढंच पक्कं झालं. त्याच सुमारास त्या मुलीची आई शाळेत आली. नवरा मुंबईला माथाडी कामगार. आई पदर सावरत म्हणाली, "आवं बाई, तिचा बाप फोनवर रोज इचारतोय, पोरीला इंग्रजी येतंय का न्हाई? येत नसंल तर आटपाडीला मामाकडं ठिवायची म्हणतोय, तितं इंग्रजी शाळा हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सा वर्साची हाय वं. माझ्याबिगर जेवत न्हाई. माझ्याम्होरं इचारा की जरा."

मी विचारलं. डोअर बरोबर आलं, बॅगही आलं. तिथंच थांबायला हवं होतं. पण मला खात्री करून घ्यायची खोड, मी विंडो म्हटलं. पोर अडली. तिनं माझ्या काळ्या काचांकडे बघितलं, मग आईकडे, मग परत माझ्याकडे. बाई, वर्गासमोर उभं राहिलं की पोराची नजर किती स्वच्छ दिसते! मी चष्मा काढला आणि खिडकीकडे बघितलं. ती धावली. आई हरखून गेली, "येतंय की वं!" आणि तिथंच उभी राहून नवऱ्याला फोन लावू लागली. उजेडानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाईंना भरून आलं, असं तिला वाटलं आणि मी तसं वाटू दिलं.

पोर वाडीवरच राहिली. विंडो मी तिच्याकडून नंतर घोटून घेतलं, आता तिला डोळे मिटूनही येतं. तुमची नजर सहज गेली असेल, असं म्हणायला निदान जागा आहे. मला तीही नाही, मी चष्मा काढला होता.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. तुम्ही हयात असतात तरी टाकलं नसतं, कारण तुम्ही "नाही गं, सहज बघितलं" म्हणाला असतात आणि माझा त्यावर विश्वास बसला नसता. ती पोर मोठी होऊन मला विचारायला आली, तर मीसुद्धा नाहीच म्हणणार आहे.