दादाच्या दगडातले कण

७ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

कारखान्यात फोन लावला की तुमचा क्रशरच बोलतो आणि तुम्ही ऐकूच येत नाही, म्हणून लिहिते आहे. आईला जरा रागवा. बाबा गेल्यापासून ती शिवणाची कामं जास्तच घेते. तुमचं ती ऐकते.

बाबांच्या दगडांचा निकाल आला. त्यांचा हट्ट तुम्हाला ठाऊक आहेच. ज्वालामुखींच्या बेटांची ती रांग भर समुद्रात उगवलेली नाही, मुख्य भूमीच्या काठावर जन्मली आणि मागे समुद्र फाटत गेला तशी लांब गेली, असं ते जन्मभर सांगत आले. याचा पुरावा लाव्ह्यात मिळत नाही, लाव्ह्याच्या थरांमध्ये साचलेल्या वाळूच्या दगडात शोधावा लागतो. त्यात झिरकॉन नावाच्या खनिजाचे अगदी बारीक कण असतात. ते सहसा झिजत नाहीत आणि त्यांचं वय काढता येतं. बेटं चार कोटी वर्षांची आहेत. वाळूत त्याहून फार जुने कण निघाले, तर ते मुख्य भूमीवरूनच आलेले असणार.

निघाले, काका. अडीचशे कोटी वर्षांचे! इथे विभागात सगळ्यांनी माझे हात हातात घेतले. बाबांच्या स्मरणार्थ जो अंक निघतोय, त्यात या निकालावरचा लेख पहिला छापायचं ठरलंय.

मला मात्र चैन नाही. जुने कण सगळे एकाच वयाचे आहेत. नदी वाळू आणते ती दहा डोंगरांची आणते, त्यात सगळ्या वयांची सरमिसळ असते. इथे एकच वय, म्हणजे एकच खडक. म्हणून विचारते, राग मानू नका. बाबांनी दगड तुमच्याकडे दळायला आणले, त्याआधी क्रशरमध्ये काय होतं?

काकूंना नमस्कार. या प्रश्नानंतरही लोभ शिल्लक असू द्यावा.

तुमची,
भिंगरी


१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

राग कसला? तुझी काकू म्हणाली, पोरगी बापावर गेली, कौतुकाच्या घासातही खडा शोधते. मी म्हटलं, खडा असेल तर दात पडायच्या आधी सापडलेला बरा.

क्रशरमध्ये ग्रॅनाइट होता. फरशीत घालायच्या चिपांचं मोठं काम चालू होतं, दगड इथल्याच खाणीतला. दादा येणार म्हणून मशीन थांबवलं, पाइप लावून धुतलं, हवा मारली. पण जबड्याच्या प्लेटींना खाचा पडल्यात. त्यातली कच पाण्याने निघत नाही, पुढचा दगड पडला की त्याच्याबरोबर सुटते. आमच्या धंद्यात तेवढं चालतं. तुमच्या कामात चालत नाही, हे दादाला माहीत होतं. दुसरीकडे कुठे असता तर त्याने अख्खं मशीन खोलायला लावलं असतं. मला त्याने एवढंच विचारलं की स्वच्छ आहे ना. मी म्हटलं, तुझ्यासाठी आरसा केलाय. तो हसला आणि खुर्चीत बसला. तेव्हा त्याला दम लागायला लागला होता.

आम्हा दोघांत शिकलेला तो. मी शाळा सोडून खाणीवर गेलो, तेव्हा सगळ्यात जास्त तोच चिडला होता. त्याला माझी गरज पडली ती त्या एका दिवशी. मी माणसांना बाजूला सारलं आणि दगड स्वतःच्या हाताने टाकले. पहिला घास पडला तेव्हा आवाज कोरडा आला, ग्रॅनाइटसारखा कडकडीत. वाळूचा दगड असा वाजत नाही. ते मी ऐकलं, पण आनंदात होतो, तिकडे लक्ष दिलं नाही.

मशीन स्वच्छ होतं असं तुला लिहून टाकावं, हे मनात येऊन गेलं. हात धजला नाही. त्याच ग्रॅनाइटचा तुकडा सोबत पाठवतोय. त्याचं वय काढ आणि जे असेल ते कळव.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमची माया आहेच, तीवर भरवसा असू दे.

तुझा,
काका


२१ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

ग्रॅनाइट अडीचशे कोटींचा निघाला. ते कण तुमच्या खाणीचे आहेत, बाबांच्या बेटाचे नाहीत.

आमचे विभागप्रमुख म्हणतात, असू दे, अंक श्रद्धांजलीचा आहे, तपासायला कोण बसलंय? बाबांवरच्या प्रेमापोटी म्हणतात, म्हणून त्यांच्याशी भांडताही येत नाही.

खरं ठरवायचं तर न दळलेला दगड हवा. बाबांनी आणलेले सगळे तुमच्या क्रशरमधून गेले. पुन्हा जाऊन आणावा, तर तो कडा आता नव्या बंदराच्या काँक्रीटखाली आहे. त्याच थरातला एकच तुकडा उरलाय. आई कापड बेतताना वजन म्हणून ठेवते, तो. दवाखान्यात जायला निघाले तेव्हा बाबांनी तो तिच्या टेबलावर ठेवला होता आणि मग ते परत आलेच नाहीत. त्याचं आता पीठ करावं लागेल. हाताला लागेल असं काही परत मिळणार नाही.

मला तिच्याकडे मागवत नाही. तुम्ही विचाराल का?

हे ओझं टाकल्याबद्दल क्षमा असावी, लोभ तर आहेच.

तुमची,
भिंगरी


३ एप्रिल

भाऊजींस,
स. न. वि. वि.

परवा तुम्ही आलात, चहावर चहा झाला, नळाच्या गळतीपासून विजेच्या बिलापर्यंत सगळ्यावर बोललात आणि डोळे मात्र माझ्या टेबलावरच्या दगडावर. कान तिखट आहेत तुमचे, पण तोंड लपवता येत नाही. तुम्ही गेल्यावर लेकीला फोन लावला. तिने रडत रडत सगळं सांगितलं.

तुम्हा दोघांना वाटलं, मी नाही म्हणेन. म्हणणारच होते. बेतायचं काम तसंच टाकून मी त्या दगडासमोर नुसती बसून राहिले. येता-जाता हात त्यावर जातो. पण हे घरात असते, तर तो एवढे दिवस शाबूत राहिला असता का? यांना दगड फोडायलाच आवडायचे, जपायला नाही. जपते आहे ती मी.

शनिवारी या. क्रशर नको. यांची हातोडी आणि लोखंडी खल घरातच आहे, मी दोन्ही उकळून, घासून ठेवते. पहिला घाव मी घालणार. आणि कारखान्यातले कपडे घालून आलात तर दाराबाहेर उभे राहाल.

जाऊबाईंना आठवण सांगा. लोभ वाढवावा, चहा मात्र काम झाल्यावर.

तुमची,
वहिनी


११ मे

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हे आईला फोनवर सांगवत नाही. तुम्ही समोर बसून वाचून दाखवा.

जुना कण एकही नाही. शेकडो पाहिले, सगळे चार कोटींच्या आसपासचे, त्या बेटांच्याच ज्वालामुखींचे. एका दगडाने कायमचा निकाल लागत नाही, पण आज हातात आहे तो पुरावा बाबांच्या विरुद्ध आहे. ती बेटं भर समुद्रातच वर आली असावीत.

लेख मी छापणार आहे, पण त्यावर बाबांचं नाव घालणार नाही. जे त्यांनी जन्मभर नाकारलं, ते त्यांच्या माथी कशाला मारायचं?

आईजवळ थोडा वेळ थांबा. तुमचा आधार आहे म्हणून मी इथे उभी आहे, तो असाच राहावा.

तुमची,
भिंगरी


१८ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. वहिनी शर्टाला कॉलर लावत होत्या, मशीन चालूच राहिलं. पुन्हा वाचा म्हणाल्या. पुन्हा वाचलं, तेव्हा मशीन थांबलं.

त्यांनी विचारलं, तो थर कुणी शोधला? म्हटलं, दादाने. दगड कुणी आणला? दादानेच. मग म्हणाल्या, नाव काय शेजाऱ्यांचं घालायचं? बाबांचं नाव पहिलं घाल, त्यांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते त्यांच्याच दगडाने खोडून काढलं, हेही सरळ लिही, असा तुला निरोप आहे. भाऊजींच्या क्रशरमधून बाहेर पडलेलं मोठेपण यांना पचलं नसतं, असंही म्हणाल्या. मी हसायला लागलो आणि मग मला हसवेना. चष्मा पुसत बसलो. त्यांनी कॉलर पुरी केली.

माझ्या क्रशरचंही लिही. चूक कुठे झाली ते लोकांना कळायला हवं. माझी गिऱ्हाइकं असले अंक वाचत नाहीत, तेव्हा धंद्याची काळजी करू नकोस. विभागप्रमुखांशी नीट बोल, त्यांचाही मित्र गेलाय.

निघालो तेव्हा वहिनी फाटकापर्यंत आल्या. ती बेटं पाण्याबाहेर आली, तेव्हा सगळ्यात जवळची जमीन किती लांब होती, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, भिंगरीला विचारतो. दादा एवढं बोलायचा, पण वहिनींनी त्याला असलं काही विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते तू शोध, आणि उत्तर मला नको, त्यांनाच लिही. सविस्तर लिही, त्या वाट बघतायत.

आम्हा म्हाताऱ्यांवर जीव असू दे.

तुझा,
काका