चिंचेखालची जागा

३ नोव्हेंबर, सोमवार

फाट्यावर स्कूटी लावायला दहा रुपये! म्हणे स्टँड सुरू झालाय.

दिवाळीची सुट्टी संपून आज शाळा उघडली. फाट्यावर यायचं, चिंचेखाली स्कूटी लावायची आणि बीडची एसटी धरायची — नोकरीला लागल्यापासून हेच चाललंय, कुणी कधी हटकलं नाही. आज बघते तर चारी बाजूंनी तारेचं कुंपण, पत्र्याचं शेड, आणि शेडसमोर खुर्ची टाकून उत्तरेश्वर बसलेला. हा दादांचा माणूस. कुठल्या दादांचा, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. त्याने पावती फाडली. पावतीवर नाव ना गाव, नुसतं ‘वाहन स्टँड’.

“कुणाच्या हुकमाने?” मी विचारलं.

“मॅडम, यष्टी जाईल तुमची.”

एसटी खरंच आली होती. दिले पैसे. दिवसभर डोक्यात तेच. सातवी ‘ब’वर उगाच खेकसले.

४ नोव्हेंबर

बजरंगला सांगितलं. नवरा म्हणून चार शब्द बोलेल असं वाटलं होतं. तर म्हणे, “दहा रुपयासाठी कशाला डोकं लावती, वनू? देऊन टाकायचे.”

त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान दादांच्या गाळ्यात आहे. करारनामा नाही, काही नाही, सगळं दादांच्या मर्जीवर. म्हणून घाबरतो बिचारा. मी नाही घाबरत. मला पगार शाळा देते!

७ नोव्हेंबर

ग्रामसेवकाला गाठलंच. आधी त्याने मला घरचं सगळं विचारून घेतलं. मी एवढंच विचारलं — फाट्यावरच्या स्टँडचा ठेका पंचायतीने कुणाला दिला?

“पंचायतीचा काय संबंध न्हाई मॅडम. खासगी जागा हाय ती. आश्रुबाची.”

आश्रुबा म्हणजे पलीकडच्या वस्तीवरचा. उंच, जरा वाकून चालणारा. दरसाल उसाला जातो, ऊसतोडीला. जागा त्याची आहे हे मला माहीतच नव्हतं! इतकी वर्षं त्या माणसाच्या चिंचेखाली स्कूटी लावली, आणि त्याने एका शब्दानं विचारलं नाही.

“मग आश्रुबाने दिलीय का यांना?”

ग्रामसेवक चहा पिऊ लागला. कप रिकामा झाला तरी पीतच होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज पैसे दिले नाहीत! सगळ्यांच्या समोर सांगितलं, “मालकाची परवानगी दाखव, मग घे.”

“तोंडी दिलीय.”

“मग मालकाला बोलाव.”

“उसाला गेलाय. जा कर्नाटकात, विचारा त्याला.” लोक हसले. उत्तरेश्वरपण हसला.

मला राग आला की काहीतरी सुचतंच. कोपऱ्यात चिंचेच्या बुंध्याशी एक मोटारसायकल आहे, स्टँड सुरू झाल्यापासून तिथून हललेली नाही. चाकातली हवा गेलेली, टाकीवर चिंचेचा पाला, सीटला हिरव्या लुगड्याचं कव्हर शिवलेलं. तिच्याकडे बोट केलं. “आणि हिचे पैसे घेतोस का रे? का ही फुकट?”

उत्तरेश्वर हसायचा थांबला.

“ती घरचीच हाय,” म्हणाला.

तक्रारीला लागतील म्हणून मोबाइलवर फोटो काढले. कुंपण, शेड, तो कोपरा, सगळं. त्याने अडवलं नाही. नुसता बघत राहिला, आणि ते बघणं मला एसटीत बसल्यावरही पाठीला जाणवत होतं.

११ नोव्हेंबर

जिंकले!

पर्स उघडायच्या आतच उत्तरेश्वर उठून उभा राहिला. “तुमी पैसे देऊ नका मॅडम. तुमीबी घरच्याच.” स्कूटीपण त्यानेच ढकलत नेऊन लावली, त्या कोपऱ्यातल्या गाडीच्या शेजारी.

मग आनंद का होत नाही? बाकीचे मुकाट्याने दहाची नोट काढत होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. कालपर्यंत ‘बरं केलं मॅडम’ म्हणणारा दूधवालासुद्धा किटल्या आवळत बसला.

१३ नोव्हेंबर

उत्तरेश्वर बजरंगच्या दुकानात चहा पिऊन गेला. दुरुस्तीला मोटार आणली नव्हती.

१५ नोव्हेंबर

आता हट्टाला पेटले आहे. आश्रुबाने ‘नाही दिली’ म्हटलं की स्टँड बंद! एका फोनचं काम. शाळेच्या शिपायाकडून नंबर मिळवला. लावला. बंद. दुपारी बंद, संध्याकाळी बंद. शिपाई म्हणाला, “उसाच्या फडात चार्जिंग कुठं आसतंय मॅडम? पाडव्याला येतंय की मान्सं.”

खरं आहे. दिवाळी झाली की आमच्याकडे निम्मी दारं बंद होतात. माणूस दिसला नाही की उसाला गेला, संपलं. कुणी चौकशी करत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मुकादमाचा पत्ता लागला — राधाकिशन. आश्रुबा त्याच्या टोळीबरोबर ट्रॅक्टर भरायला जायचा होता. फोनवर मी एवढंच म्हणाले, “आश्रुबाला द्या जरा,” तर भडकलाच.

“कसला आश्रुबा! फाट्यावर टरक थांबिवली, हाका मारल्या. आलाच न्हाई की! उचल घेतली अन् गेला दुसऱ्या मुकादमासंगं. दरसाल एखादा निघतोच आसला.”

“कुठल्या मुकादमाबरोबर?”

“ते मला काय म्हाईत? घावला तर मलाच कळवा.”

तरी त्याने आश्रुबाच्या बायकोचा नंबर दिला. मंगल नाव. बाळंतपणाला माहेरी गेलीय, पाटोद्याकडे. उचल म्हणून दिलेले आगाऊ पैसे परत मागायला त्यानेही तिला फोन केला होता म्हणे, पण ती रडायला लागली म्हणून ठेवून दिला.

१९ नोव्हेंबर

नंबर लिहून ठेवलाय. लावत नाही. ओल्या बाळंतिणीला काय विचारू, तुझ्या जागेवर मला दहा रुपये लागतात म्हणून? लाज वाटते.

आज कोपऱ्यात स्कूटी लावताना त्या हिरव्या कव्हरला हात लागला. बारीक टाके आहेत, हातशिलाईचे. कुणीतरी निगुतीने शिवलंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

मंगलला फोन लावला. मागे बाळ रडत होतं. मी माझं नाव सांगितलं, शाळेचं सांगितलं, मग हळूच विचारलं — फाट्याची जागा स्टँडला दिली का तुम्ही?

“जागा? न्हाई बा. उसाला जायच्या आधी दादांची मान्सं आलती मागायला. हे न्हाई म्हनले. पोरीच्या नावानं ठिवायची म्हनले ती.”

“जाताना काही बोलले का?”

“फाट्यावर पोचलो म्हून फोन आलता की. गाडी चिंचंखाली लावली, टरक आजून येईना, म्हनले. मंग फोन बंदच. दसऱ्याला भांडण झालतं आमचं, म्हून रुसल्यात. राधाकिशनभाऊ म्हनत्यात दुसऱ्या टोळीत गेले. तिकडं रेंज नसती ना, मॅडम?”

कुठली गाडी, विचारलं.

“जुनीच हाय. सीट फाटलं व्हतं, मी हिरव्या लुगड्याचं शिवून दिलंय. दिसली का तुमाला?”

दिसली. रोज दिसते. रोज तिला खेटून मी माझी स्कूटी लावते.

गाडी लावली आणि ट्रकमध्ये चढलाच नाही. दुसऱ्या टोळीच्या ट्रकने गेला असता, तरी जायच्या आधी गाडी वस्तीवर ठेवायला कुणालातरी सांगितलं असतं. चावी दिली असती. आणि लगेच कुंपण उभं राहिलं, सुट्टी संपायच्या आत. टोळीला वाटतं तो पळाला, बायकोला वाटतं रुसला, गावाला वाटतं उसाला गेला. सगळ्यांचं आपापल्यापुरतं बरोबर. शोधायला म्हणून कुणीच निघालं नाही.

मंगलला खरं सांगण्याचा धीर झाला नाही. एवढंच म्हणाले, “भावाला घेऊन ये एकदा, गाडी ओळखून जा.” मंगळवारी येते म्हणाली. आणि म्हणाली, “लई बरं झालं मॅडम, तुमी फोन केला.”

२३ नोव्हेंबर, रविवार

एकटीला झेपेना. सकाळी भाकरी थापता थापता बजरंगला सगळं सांगितलं — मंगलचा फोन, हिरवं कव्हर, मंगळवारी ती येणार आणि तिथून आम्ही पोलीस ठाण्यात जाणार ते. तो जेवायचा थांबला. असा चेहरा मी त्याचा पाहिला नव्हता.

“आजून कुणाला बोलली?”

“कुणालाच नाही.”

“बरं केलं. फोटो दाव.”

दाखवला. कोपरा, चिंच, गाडी. नंबरसुद्धा वाचता येतो. कितीतरी वेळ बघत बसला. मग मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाला, “तू गप ऱ्हा आता. मी बघतो.” शर्ट घालून बाहेर पडला, अर्धी भाकर ताटात टाकून.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, हा माणूस माझ्या बाजूने उभा राहतोय. उगाच मी त्याला भित्रा म्हणत आले. बरं वाटतंय. आज झोप लागेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गाडी नाही. कोपऱ्यात नवा मुरूम टाकून रोलर फिरवलाय.

“लावा मॅडम हितं,” उत्तरेश्वर म्हणाला. “तुमच्यासाठीच मोकळी केली.”

मी एकाच माणसाला सांगितलं होतं.

बजरंग आतून हाक मारतोय. “वनू, ताट वाढलंय. येताना मोबाइल घेऊन ये.”