छत्तीस फोटो आणि सासऱ्यांची बुडी

३ मार्च, सकाळ
पाण्याखाली फिल्मवर फोटो काढणाऱ्या बंधूंनो, आपला विश्वासघात झाला आहे! (पुढच्या शनिवारच्या क्लबमधल्या भाषणाची सुरुवात. आरशासमोर म्हटली. जमली.) आधी साधा कॅमेरा धातूच्या जड पेटीत कोंडून पाण्यात उतरवत. विसाव्या शतकाच्या मध्यावर पेटीच नको असा कॅमेरा आला, अंगानेच जलरोधक. नवं शतक लागलं आणि तो बनवणंच बंद! कुणी मोर्चा काढला? कुणीही नाही.

४ मार्च
फिल्म अजूनही कमाल करते, याचा भाषणाला पुरावा हवा. सासरे बंदरात पाणबुडे होते. तीस वर्षं जहाजांचे तळ दुरुस्त केले, पण पाण्याखालचा एकही फोटो नाही. सात तारखेला कानाचं ऑपरेशन. नंतर पाण्यात डोकं घालणं कायमचं बंद. डॉक्टरांशी भांडून त्यांनी परवाची एक सकाळ मिळवली आहे. पोहण्याच्या तलावात, उथळ बाजूला. फोटो मी काढणार, माझ्याकडच्या तसल्याच जुन्या जलरोधक कॅमेऱ्याने. फिल्मवरच.

५ मार्च
बायको म्हणाली, वॉटरप्रूफ पिशवीत फोन पण घेते. मी वीस मिनिटं बोललो. ती म्हणाली, बरं बाबा, नाही घेत. विजय!
संकल्प : मॅन्युअल वाचणे. उद्या.

६ मार्च, सकाळी ७
मॅन्युअलला वेळ नाही. माझ्या हातांना सगळं ठाऊक आहे. फिल्म भरली.

सकाळी ११
इतिहास घडला! सासरे तळाशी मांडी घालून बसले, हातात जुना पाना. पाण्यात चक्क हसले. वर येऊन म्हणाले, जावईबापू, पोट आत ओढलं होतं हं, वाया घालवू नका. कॅमेऱ्याच्या काउंटरवर छत्तीस फोटो. कॅमेऱ्यात थेंबभर पाणी नाही.

८ मार्च
ऑपरेशन नीट झालं. सासऱ्यांनी आधी फोटो मागितले, मग चहा.

९ मार्च
लॅबवाला म्हणाला, साहेब, फिल्मवर काहीच नाही. पलीकडच्या रिळाला ती अडकलीच नव्हती. काउंटर सरकत गेला, फिल्म जागची हलली नाही. फितूर! लॅबवाला, रीळ, फिल्म, सगळे एकजात फितूर. बायकोने ती वॉटरप्रूफ पिशवी घडी घालून कपाटात ठेवली. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

१० मार्च, संध्याकाळ
सासऱ्यांना सांगितलं. कानावर पट्टी, त्यामुळे तीनदा, ओरडून. अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. ते म्हणाले, असू दे, जावईबापू. आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.
उद्याचं भाषण एका वाक्याचं केलं आहे. बंधूंनो, पाण्यात उतरण्यापूर्वी लिव्हर ओढा आणि फिल्म परत गुंडाळायची गुंडी सोबत फिरते का, म्हणजे फिल्म खरंच सरकते का, तेवढं बघा.