राजा उठून बसला

चिंचवड, ता. २० एप्रिल १९५७

तीर्थस्वरूप आबाजीमामांच्या पायी ज्योतीरामचा दंडवत. मी बरा आहे. मामींचा गुडघा आता कसा आहे? थेरगावच्या विहिरीला अजून पाणी असेल, अशी आशा आहे.

पुण्याच्या कॉलेजातली माझी नोकरी अजून कच्चीच आहे. (नाटक आणि जगाचं वाङ्मय शिकवणाऱ्याची लवकर पक्की होत नाही; गणितवाल्याची होते.) मध्यंतरी प्रिन्सिपॉलसाहेबांना मी छातीठोकपणे म्हणालो, की ग्रीकांची शोकांतिका आपल्या खेड्यातल्या माणसालाही रडवील. माझा सगळा प्रबंध याच वाक्यावर उभा आहे. साहेब म्हणाले, "एक माणूस रडवून दाखवा, लगेच कायम करतो."

म्हणून चाकणजवळच्या एका गावी भैरवनाथाच्या जत्रेत मी ग्रीक वळणाचं नाटक बसवलं. जुलमी राजा राणीला जन्मभर छळतो आणि शेवटी पश्चात्तापाने मरतो. गेनबा राजा, भैरू राणी. (भैरू मिशी काढेना, पदरावर भागवलं.) साहेब पुढे खुर्चीत बसले होते. गेनबा मेलाही झकास. मंडप चिडीचूप झाला, दोघीतिघींचे पदर डोळ्यांकडे निघाले आणि मला माझी नोकरी दिसू लागली. तेवढ्यात देवळाचा गुरव अंगारा घेऊन वर चढला. गेनबाच्या कपाळाला तो लावून म्हणाला, "ऊठ गेनबा. जत्रंच्या दिशी देवाम्होरं कुनी मरत न्हाई." ही तिथली वहिवाट. शोकांतिका बसवणाऱ्याला ती आधी सांगावी, असं कुणालाच वाटलं नव्हतं. राजा उठला, अंगरखा झटकला आणि नाथाच्या नावानं चांगभलं म्हणाला. पदर खाली आले, शिट्ट्या झाल्या. सगळ्यांत मोठ्याने साहेब हसले. मला फार वाईट वाटलं.

असो. वडीलधाऱ्यांच्या जिवाला घोर नको, म्हणून इथेच थांबतो.

आपला भाचा,
ज्योतीराम

ता. क. – एक माणूस रडलं, पण राजा उठल्यावर, सगळे हसत असताना. त्याच गावच्या कोंडाजीची थोरली मुलगी, इंद्रायणी. मी साहेबांना बोलवायला धावलो, तोवर त्यांची मोटार निघून गेली होती.

आणखी एक – राजा जिवंत झाला तर रडायचं काय, असं मी तिला धीर करून विचारलं. ती म्हणाली, "सुटली हुती वो बिचारी रानी. आता पुन्यांदा त्याच्यासंगंच नांदायचं!" मामा, चाकणच्या बाजारात कोंडाजी तुम्हाला भेटतोच. नोकरी कच्ची आहे हे आधी सांगा आणि मग मुलीचं विचारा. तिला मात्र माझ्या वतीने शब्द द्या, की मी मेलो तर उठून बसणार नाही.